एकाच इसमाची नावे

सिव्हिल लाइन्समध्ये, कोर्टाच्या भिंतीलगत
कडुनिंबाखाली माझं टेबल. बावीस वर्षं
प्रतिज्ञापत्रं टाइप करतो.
नाव चुकलेली माणसं इथे बाकड्यावर बसतात
आणि बरोबर होऊन जातात, शंभर रुपयांत.

मे महिन्यात एक म्हातारा आला गोळीबार चौकातून,
डोक्याला ओला दुपट्टा, सोबत मुलगा,
मुलाच्या हातात पिशवी,
पिशवीत तीन कागद.

शाळेच्या दाखल्यावर उकंडा.
मिलच्या कार्डावर उकंडराव
(राव हजेरीबाबूनं लावला होता, बोनसच्या वर्षी).
आणि आधार कार्डावर मुकुंदा.

“ऑपरेटर पोरगी शिकलेली होती,” मुलगा म्हणाला,
“तिला वाटलं, म राहून गेला.
आता तेच ठेवा ना. देवाचं नाव आहे,
नातीच्या पत्रिकेत छापायलाही बरं.”

म्हाताऱ्यानं पाणी मागितलं.
माठातलं दोन गिलास प्याला, मग बोलला:

“माह्या अगोदरच्या तिघायची नावं देवाचीच होती, बाबू.
विठोबा नऊ दिवसाचा गेला.
नारायण दीड महिन्याचा.
राम तं बोलाले लागला होता, पानी म्हने.
चौथ्याचं नाव ठेवाले टाइमच भेटला नाही.

मी पाचवा.
सुईणीनं नाळ कापली अन् सुपात घालून
थेट उकंड्यावर नेऊन ठेवला मले,
राखेत, शेणात, तुटक्या सुताच्या गुंत्यात.
मंग गोंदाबाई तेलीण आली, ठरल्यापरमानं,
म्हने, कोनाचं लेकरू फेकलं वो हे?
अन् मायनं आपलंच पोर
सूपभर जवारी देऊन तिच्यापासून इकत घेतलं.
मरणानं पाह्यलं असन तवा,
म्हनलं असन, हा तं कचरा हाय,
याच्यासाठी कोन वाकते.”

मी हसलो. तो हसला नाही.

शाळेत चिडवत असतील, मी म्हटलं.
“पोरं नाक दाबत.
एक डाव मायले इचारलं, काहून ठेवलं असं नाव?
ते कांड्या भरत होती, रहाट थांबला नाही तिचा.
म्हने, उकंड्यावर कोहळ्याचा वेल
कोनी लावते काय? येते ना तरी.”

माझ्या नातवाचं नाव आम्ही फोनवर शोधलं होतं.
समोर अर्थ होता: सूर्याचा पहिला किरण.
संस्कृत आहे म्हणाले.
सगळ्यांना आवडलं,
म्हणून मी कोश उघडायला गेलो नाही.

“बाबा, नावानं कोणी मरतं का आता?” मुलगा चिडला.

“एक्याऐंशी पुरे झाले मले,” म्हातारा माझ्याकडे बघून बोलला.
“एवढे दिवस लपून काढले.
आता मुकुंदाच्या नावानं पक्का कागद केला
तं पत्ता भेटन ना त्याले.”

मुलगा फोन घेऊन रिक्षांकडे गेला.
मी कागद चढवला. वडलांचं नाव?
“महागू. दुकाळात झाला होता तो.”

मी, उकंडा वल्द महागू हेडाऊ,
वय एक्याऐंशी, धंदा काही नाही,
शपथेवर लिहून देतो की
वरील तिन्ही नावे एकाच इसमाची असून
त्यांपैकी उकंडा हेच खरे.

हेच खरे, असं मी एरवी लिहीत नाही.
‘यापुढे याच नावाने ओळखावे’ एवढंच लिहितो.
खोडायला गेलो नाही. पांढरी शाईही वाळली होती.

सही करायला त्याला फार वेळ लागला.
उ. मग क, ड, काना, वरची रेघ हलत हलत.
पेन उचललं. झालं, असं वाटून
मी शिक्क्याची डबी उघडली.
तो पुन्हा वाकला
आणि क च्या डोक्यावर
एक टिंब दिलं, दाबून,
काजळाचं बोट लावतात तसं.